गोदी जळाली तो जुमा

14 एप्रिल म्हटले की महाराष्ट्राला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आठवते. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा सप्ताहही सुरू होतो. अग्निशमन दलाचे जवान शाळांमध्ये येतात, आग विझवायचे लाल नळकांडे कसे चालवायचे ते दाखवतात आणि मुलांच्या खिशाला छोटासा झेंडा लावून जातात. असाच झेंडा लावून घरी आलेल्या मुलाने विचारले, ‘हा आठवडा एप्रिलमध्येच का असतो?’ घरातल्या मोठ्यांपैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. आम्हालाही थोडे शोधावे लागले. शोधायला मात्र फार लांब जावे लागले नाही. मशीद बंदर स्टेशनवर उतरून पूर्वेला समुद्राकडे चालू लागले की उत्तर तिथेच आहे.

मशीद बंदर हे नाव आपल्या एखाद्या मशिदीवरून पडले असे बहुतेकांना वाटते. जाणकार सांगतात की ते बेने इस्रायली ज्यूंच्या जुन्या सिनेगॉगवरून पडले. मराठी बोलणारी ही मंडळी आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. या एका नावावरून त्या भागाची कल्पना यावी. कच्छी मेमन, भाटिया, बोहरी, घाटावरचे मराठे, कोकणी मुसलमान, पारशी, गोव्याचे ख्रिस्ती असे सगळे मांडवी आणि डोंगरीच्या गल्ल्यांतून एकमेकांना खेटून राहत. समोर गोद्या होत्या. प्रिन्सेस डॉक 1880 साली सुरू झाली, व्हिक्टोरिया डॉक 1888 साली. गोदीच्या मागे धान्याची, कापसाची, मसाल्यांची वखारे होती आणि वखारांच्या माडीवर माणसे राहत होती.

कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांची चूल या गोदीवर चालली. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून आलेली माणसे खलाशी झाली, टंडेल झाली, सारंग झाली. गावाच्या जमातीची मुंबईत एक खोली असे. जहाज लागेपर्यंत तिथे वळकटी टाकायची, जहाज मिळाले की निघायचे, परत आले की पुन्हा तीच खोली. युद्धाच्या काळात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी खलाशी काम करत होते आणि जर्मन पाणबुड्यांनी त्यातले किती तळाला नेले याचा घरच्यांना महिनोन्महिने पत्ता नसे. घरी सगळ्यांना भीती असे ती भर समुद्राची. बंदरात लागलेले जहाज म्हणजे सुखरूप, असे सगळे धरून चालत.

‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज 12 एप्रिल 1944 रोजी मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया डॉकच्या एक नंबर धक्क्याला लागले. सात हजार टनांचे हे मालवाहू जहाज कॅनडात 1942 साली बांधलेले. 24 फेब्रुवारीला ते इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले आणि जिब्राल्टर, पोर्ट सैद, कराची असे करत इकडे पोहोचले. त्याच्या पोटात सुमारे 1,395 टन स्फोटके आणि दारूगोळा होता: तोफगोळे, सुरुंग, टॉर्पेडो. त्यातली 238 टन अत्यंत नाजूक वर्गातली, म्हणजे उष्णता किंवा धक्का लागला तर लगेच पेट घेणारी. याशिवाय सुमारे 8 लाख 90 हजार पौंड किमतीच्या सोन्याच्या विटा लोखंडी कपाटात बंद करून ठेवलेल्या होत्या.

कराचीत काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी चढल्या. तेलाची पिंपेही चढली. कप्तान अलेक्झांडर नायस्मिथ यांना हे पसंत नव्हते. दारूगोळ्याशेजारी कापूस आणि तेल ठेवू नये हे कळायला कप्तान असण्याचीही गरज नाही, आपल्या घरात चुलीशेजारी रॉकेलचा डबा कोणी ठेवत नाही. पण युद्ध चालू होते, जहाजांत जागेची टंचाई होती आणि कापूस हलवायचा होता. दोन नंबरच्या होल्डमध्ये खाली कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके अशी रचना झाली. गाठी दाबून बांधलेल्या असतात, त्यांना लागलेली आग बाहेर ज्वाळा न दाखवता आतल्या आत धुमसत राहते. वरून पाणी ओतले तरी ते आतपर्यंत पोहोचत नाही.

शांततेच्या काळात असे जहाज गोदीत येऊच दिले नसते. ते बाहेर खाडीत नांगरायचे, पडावांतून दारूगोळा उतरवायचा आणि मगच धक्क्याला आणायचे, असा शिरस्ता होता. युद्धासाठी तो बाजूला ठेवला गेला. जहाजावर स्फोटके आहेत हे सांगणारे लाल निशाणही फडकवलेले नव्हते. शत्रूच्या हेरांना कळेल ही एक भीती, शिवाय त्या दिवसांत निम्म्या जहाजांवर काही ना काही दारूगोळा असेच. परिणाम असा झाला की शेजारच्या जहाजांवरच्या खलाशांना, धक्क्यावरच्या हमालांना आणि पुढे पाण्याचे नळ घेऊन धावत आलेल्या जवानांना आपण कशाच्या शेजारी उभे आहोत याची कल्पना नव्हती. जहाज लागून दोन दिवस झाले, इतर माल उतरू लागला आणि दारूगोळा बराचसा आतच राहिला. तो उतरवून घ्यायला पडाव हवे होते, त्यांची वाट पाहण्यात वेळ गेला.

14 एप्रिलला शुक्रवार होता. जेवणाची सुट्टी संपवून कामगार दुपारी पुन्हा होल्डमध्ये उतरले, तेव्हा दोन नंबरमधून धूर येताना दिसला. दोन वाजण्याच्या सुमाराला बोंब झाली. नळ लागले, बंब आले, पाण्यातून आग विझवणाऱ्या बोटी आल्या. धुराने काही दिसेना, आग नेमकी कुठे आहे ते कळेना. बघता बघता 900 टनांहून जास्त पाणी आत ओतले गेले. त्या पाण्याला उकळी आली. जहाजाच्या बाहेरच्या पत्र्यावरचा रंग एका जागी फोडांसारखा फुगू लागला, म्हणजे आग त्या पत्र्यामागे होती. आत साचलेल्या पाण्यावर गाठी तरंगत वर उचलल्या गेल्या असाव्यात आणि वरच्या मजल्यावर स्फोटके होती.

आम्हाला या हकिगतीत सर्वांत जास्त खटकतात ते हे दोन तास. धक्क्यावर तेव्हा अधिकाऱ्यांची कमतरता नव्हती. जहाजाचे कप्तान होते, गोदीचे अधिकारी होते, अग्निशमन दलाचे प्रमुख होते, दारूगोळ्याची माहिती असलेला लष्करी अधिकारी होता. आत काय आहे हे त्यातल्या काहींना पक्के ठाऊक होते. जहाज ओढून बाहेर समुद्रात न्यावे ही एक सूचना आली, जागेवरच बुडवावे ही दुसरी. पण इंजिनाची दुरुस्ती चालू असल्याने जहाज स्वतःच्या बळावर हलू शकत नव्हते. बुडवायचे तर गोदीतले पाणी उथळ. प्रत्येक सूचनेत अडचण होती आणि त्या अडचणीवर मात करून ‘हे करा, जबाबदारी माझी’ असे म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हेच ठरलेले नव्हते. गोदी एका खात्याची, जहाज दुसऱ्याचे, दारूगोळा तिसऱ्याचा. गोदी रिकामी करा, आसपासच्या वस्तीला हलवा, असा इशारा कोणी दिला नाही. शेजारच्या जहाजांवर माणसे रेलून आगीची गंमत पाहत उभी होती.

3 वाजून 50 मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. आग विझवणारे जवान मात्र धक्क्यावर नळ धरून राहिले. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला.

जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. सतराशे किलोमीटर दूर सिमल्यातल्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. शेजारी लागलेले ‘जलपद्मा’ हे सिंदिया कंपनीचे जहाज लाटेबरोबर असे उचलले गेले की त्याचा मागचा भाग धक्क्यावरच्या शेडवर जाऊन पडला. त्या अवस्थेतले त्याचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. हजारो टनांचे जहाज छपरावर टाकलेले पाहून क्षणभर आपण काय पाहतो आहोत ते कळत नाही. अर्ध्या तासाने, 4 वाजून 34 मिनिटांच्या सुमाराला, उरलेल्या अर्ध्या भागातल्या दारूगोळ्याचा दुसरा स्फोट झाला. तो पहिल्यापेक्षा मोठा होता. पहिल्या स्फोटानंतर जखमींना उचलायला धावलेली माणसे त्यात सापडली.

जळत्या कापसाचा, तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा पाऊस मांडवी आणि मशीद बंदरच्या वस्तीवर पडला. जुम्याची नमाज आटोपून माणसे दुकानांत, वखारीत, कामावर परतलेली होती. बायका-मुले माडीवरच्या खोल्यांत होती. जपानी विमानांनी बॉम्ब टाकले असेच पुष्कळांना वाटले. त्या काळी मुंबईत हवाई हल्ल्याचे भोंगे, काळोख, खिडक्यांना काळे कागद हे सगळे रोजचे होते, त्यामुळे दुसरा विचार कोणाच्या मनात आला नसावा. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी पळत सुटले. सुमारे दोन चौरस किलोमीटरचा पट्टा पेटला. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले.

सरकारी आकडा 740 मृत्यूंचा आहे. त्यातले 476 सैन्य आणि नौदलाशी संबंधित, बाकीचे साधे नागरिक. जखमी सुमारे 1,800. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले आणि आज आपल्या मुलांच्या खिशाला जो झेंडा लागतो तो त्यांच्या आठवणीचा. भायखळ्याला दलाच्या मुख्य केंद्रात त्यांचे स्मारक आहे. मृतांचा खरा आकडा तेराशेपर्यंत किंवा त्याहूनही जास्त असावा असे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हाला त्यात आश्चर्य वाटत नाही. सैनिकाची नोंद पलटणीत असते, जवानाची दलात असते. रोजंदारीवर आलेल्या हमालाची, गावाहून परवा येऊन जमातीच्या खोलीत उतरलेल्या पोराची, वखारीच्या ओट्यावर झोपणाऱ्या माणसाची नोंद कुठे असणार? कितीतरी प्रेतांची ओळखच पटली नाही. ज्यांचे काहीच सापडले नाही त्यांच्या जनाज्याची नमाज कोणी, कधी आणि कोणत्या नावाने पढली असेल?

युद्धाच्या सेन्सॉरमुळे हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांना बातमी देण्याची मोकळीक मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. त्याआधी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी, 15 एप्रिलला, जगाला ती सांगून टाकली होती. शत्रूला सगळे कळले होते, कळले नव्हते ते कोकणातल्या खेड्यांत वाट पाहणाऱ्या घरांना. मुंबईहून एसटी नव्हती, फोन नव्हते. बोटीने आलेला माणूस जे सांगेल तेवढेच.

आगीत पन्नास हजार टनांहून जास्त धान्य जळाले. आदल्या वर्षीच बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली होती आणि मुंबई रेशनवर जगत होती. काळा बाजार लगेच तेजीत आला. सुमारे पन्नास हजार लोकांचा रोजगार गेला. दोन्ही गोद्यांत मिळून 27 जहाजे बुडाली किंवा मोडली. मलबा उपसायला आठ हजार माणसे सात महिने राबली, पाच लाख टन दगडमाती आणि लोखंड काढले, तेव्हा गोदी पुन्हा सुरू झाली. हे राबणारे हात पुन्हा त्याच वस्त्यांतले होते.

विमा कंपन्या हात वर करणार हे उघड होते. सरकारने अध्यादेश काढून नुकसानभरपाईची जबाबदारी स्वतःवर घेतली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे. दावा करणाऱ्याला पैसे मिळाले. पण दाव्याला कागद लागतो. वखारवाल्याकडे मालाच्या पावत्या असतात, घरमालकाकडे खरेदीखत असते. पोटभाड्याने राहणाऱ्या विधवेने काय दाखवायचे, हा प्रश्न आजही कुठलीही झोपडपट्टी जळाली की तसाच उभा राहतो.

चौकशी आयोग बसला. आग कशी लागली याचे खात्रीचे उत्तर त्याला मिळाले नाही. कोणीतरी विडी-सिगारेट ओढून थोटूक टाकले असावे, हीच शक्यता सर्वांत जवळची धरली गेली. आम्हाला मात्र एक वाटते. सगळा दोष त्या अनामिक थोटकावर टाकणे फार सोयीचे होते. ते टाकणारा बहुधा एखादा गरीब कामगार, आणि तोही मेलेला. कापसावर दारूगोळा रचण्याचा निर्णय, शिरस्ता मोडून जहाज गोदीत घेण्याचा निर्णय, दोन दिवस ते तसेच ठेवणे आणि दोन तास हुकूम न देणे, यांतले काहीच त्याने केले नव्हते. आमच्या घरांतून जुनी माणसे ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून हा विषय मिटवत. मर्जी अल्लाहचीच, त्यात शंका नाही. पण तवक्कल आणि बेपर्वाई यांची गल्लत करू नये हेही आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. ज्याच्या हाती माणसांचे जीव सोपवलेले आहेत त्याच्याकडे ती अमानत असते आणि अमानतीचा जाब असतो.

अमानतीवरून त्या सोन्याची गोष्ट आठवते. स्फोटाने सोन्याच्या विटा आकाशात उधळल्या. त्यातली 28 पौंड वजनाची एक वीट गोदीपासून बरीच लांब राहणाऱ्या एका पारशी गृहस्थाच्या घरात छत फोडून येऊन पडली. त्यांनी ती सरकारजमा केली. युद्धाचा काळ, गावभर गोंधळ, विचारणारे कोणी नाही आणि माणूस हातात आलेले सोने परत देतो! पुढे कित्येक वर्षे गोदीतला गाळ काढताना एखादी वीट सापडे आणि तिची बातमी होई. किती विटा होत्या, किती मिळाल्या, किती राहिल्या याचा हिशेब इतका चोख ठेवला गेला की 1970 नंतर सापडलेली वीटही कोणत्या जहाजावरची ते लगेच ओळखता आले. माणसांचा आकडा मात्र 740 की 1,300, हे ऐंशी वर्षांनंतरही ठरलेले नाही.

हे फक्त मुंबईत घडले असेही नाही. त्याच 1944 सालच्या 17 जुलैला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागो बंदरात जहाजावर दारूगोळा चढवताना स्फोट झाला आणि 320 माणसे गेली. मेलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय नौसैनिक होते, कारण ते धोक्याचे काम बिनशिकवणीचे त्यांच्याच माथी मारलेले होते. काही आठवड्यांनी पुन्हा तेच काम करायला सांगितले तेव्हा शेकडो जणांनी नकार दिला. 50 जणांवर बंडाचा खटला चालून शिक्षा झाली. अमेरिकन नौदलाने त्यांना निर्दोष ठरवले ते 2024 साली, ऐंशी वर्षांनी. आणि त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला, पॅसिफिकमधल्या मानुस बेटाजवळ नांगरलेले ‘माउंट हूड’ हे अमेरिकन नौदलाचे दारूगोळ्याचे जहाज सुमारे 3,800 टन स्फोटकांसह क्षणात नाहीसे झाले. जहाजावरचा एकही माणूस वाचला नाही. त्या जहाजाचे वाचले ते फक्त 18 जण, जे सकाळीच कामासाठी किनाऱ्यावर गेले होते. बैरूतच्या बंदरातला 2020 सालचा स्फोट तर आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिला. तिथे 2,750 टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे गोदामात पडून होते आणि कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत होते.

व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या गोद्यांत आज पाणीही राहिलेले नाही. कंटेनर टर्मिनलसाठी त्यांत भराव घातला गेला. पण मशीद बंदरजवळचे खलाशांचे जुने सेलर्स होम उभे आहे. दुसऱ्या महायुद्धात बुडून, जळून गेलेल्या आणि ज्यांना कबरही मिळाली नाही अशा सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे लिहिलेल्या स्मृतिग्रंथाची एक प्रत तिथली, दुसरी बांगलादेशात चितगावला. दोन्ही बंदरांनी सारखेच खलाशी दिले, म्हणून नावे दोन्हीकडे. गोदीच्या आगीत गेलेल्या हमालांसाठी आणि वस्तीतल्या बायका-मुलांसाठी मात्र असा ग्रंथ नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी जुन्या पेटीत आजोबा-पणजोबांची खलाशाची नली असेल, एखादे पत्र, गोदीचा पास किंवा जमातीच्या खोलीच्या वहीतले पान असेल, तर ते जपून ठेवा आणि त्याचा फोटो काढून आम्हाला पाठवा. घरात कोणी नव्वदीतली आजी असेल आणि तिला ‘गोदी जळाली तेव्हा’ची आठवण असेल, तर तिच्याजवळ बसून ती लिहून घ्या. त्या दिवशी घरातून गेलेला आणि परत न आलेला माणूस असेल तर त्याचे नाव, गाव आणि तो गोदीत काय काम करत होता, एवढे कळवले तरी चालेल. जमतील ती नावे आम्ही पुढच्या एप्रिलच्या अंकात छापू.